नागपूरहून आत्या येतेय, एका दिवसात समुद्राकाठचा रस्ता कसा दाखवू?

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे दीड वर्ष झालं रत्नागिरीत आहे, मूळचा नागपूरचा. डिसेंबरात आत्या येतेय, वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि तिने आयुष्यात समुद्र फक्त एकदा पाहिलाय तोही मुंबईत चौपाटीवर गर्दीत. लहानपणी मला तिनेच सांभाळलं त्यामुळे हा एक दिवस नीट झाला पाहिजे असं फार वाटतंय. मला सुट्टी फक्त रविवारची, गाडी वॅगनआर. डोक्यात आहे की सकाळी निघून आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, मग फेरीबोटीतून गाडी घालून तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर आणि रात्री परत. जमेल का? काय गाळू?

शिरगावकर: अहो एवढं नका करू हो. जयगडच्या पुढे खाडी ओलांडलीत की परतीचं सगळं फेरीच्या वेळेवर आलं, चुकली तर लांबचा वळसा, अंधारात. हेदवीला बामणघळ (समुद्रकाठच्या खडकातली अरुंद घळ) बघायची तर खडकांवरून चालावं लागतं, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला ते नाही झेपणार. तवसाळपासून पुढचं सगळं पुढच्या खेपेला ठेवा.

जाताना निवळी फाट्याने हायवेवरून अजिबात जाऊ नका, समुद्राकाठच्या रस्त्यानेच जा. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, म्हणजे आत्यांना पुढच्या सीटवर बसवलंत की काचेतून अख्खा समुद्र त्यांचा. आरेचा किनारा, मधला डोंगर आणि वारेचा किनारा, त्या चढावर गाडी कडेला घेऊन थांबा, दोन्हीकडचं पाणी एकदम दिसतं. खाली उतरायची गरजच नाही. माझ्या आईला चालता येत नव्हतं तेव्हा आम्ही गाडीचं दार उघडं ठेवून तिला तिथेच तासभर बसवलं होतं.

काजूगर: शिरगावकरांना अनुमोदन. गणपतीपुळ्याला देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा किलोमीटरभराची आहे, आत्यांना हौस असली तरी जपून, दर्शन घेऊन समोर बसा, देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे त्यामुळे समुद्र समोरच. दुपारी खिचडीचा प्रसाद असतो तो चुकवू नका. मालगुंड तिथून जवळच, केशवसुतांचं जन्मघर, कौलारू, शेणाने सारवलेलं, समुद्रापेक्षा तिथेच जास्त वेळ गेला आमच्या बाबांचा, शाळेत 'तुतारी' शिकवायचे ना ते.

जेवणाला साधं घरगुती बघा. सोलकढी, कुळथाची पिठी, आणि आधी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. विदर्भातल्या माणसाला आपलं जेवण मिळमिळीत वाटतं, सोबत ठेचा घेऊन जा 😀

खलाशी_पोरगा: पाण्याबद्दल मी सांगतो कारण दरवर्षी ऐकून जीव कळवळतो. पुळ्याला आणि आरे-वारेला पोहायला उतरायचं नाही, कितीही शांत दिसू दे, आतून ओढ असते आणि उतार एकदम आहे. पाय भिजवायचे तर ओहोटीला, घोट्याच्या वर नाही, हात धरून. वेळ काढायची आमची पद्धत सोपी, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, साडेसातला भरती आणि तिथून सहा तासांनी ओहोटी म्हणजे दीड-पावणेदोन. थोडं इकडेतिकडे होतं पण अंदाज पक्का लागतो. कॅलेंडर बघून निघा.

नागपूरकर (मूळ प्रश्न): सगळ्यांचे मनापासून आभार, काल जाऊन आलो. जयगडसुद्धा गाळला शेवटी. सकाळी साडेसातला निघालो, आरे-वारेच्या चढावर थांबलो तर आत्या "काय बाप्पा, एवढं पाणी" एवढंच बोलली आणि मग बराच वेळ काहीच नाही, मी पण बोललो नाही. पुळ्याला दर्शन, प्रसाद, मालगुंडला ओसरीवर बसलो. दुपारी ओहोटी बघून ओल्या वाळूत नेलं, माझा दंड घट्ट धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, लाट मागे गेली की पायाखालची वाळू सरकते त्याची आधी भीती वाटली मग पुन्हापुन्हा तेच हवं. परतताना सहाच्या सुमारास परत त्याच चढावर सूर्यास्त. शिरगावकर, दार उघडं ठेवायचं तुम्ही सांगितलंत ते फार उपयोगी पडलं, वारा होता म्हणून शाल गुंडाळून बसली होती.

घरी आल्यावर पर्समधून मूठभर शिंपले निघाले, कधी गोळा केले मला कळलंच नाही. म्हणाली नागपूरला तुळशीत ठेवते.

काजूगर: वा! शिंपले गोड्या पाण्याने धुवून सुकवून द्या हो, नाहीतर वास येतो. पुढच्या वेळी जयगड आणि तिथलं कऱ्हाटेश्वराचं देऊळ, नक्की.