रोजच्या दिवसात आनंदाला जागा कुठून काढायची? (लिस्ट करून झाली, उपयोग नाही)

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा फालतू वाटेल पण विचारतेच. सगळं ठीक चाललंय, म्हणजे खरंच ठीक, नोकरी आहे, घरात कोणी आजारी नाही, भांडणं आहेत पण ती सगळ्यांच्यात असतात तेवढीच. तरी रात्री लाइट बंद केला की वाटतं, आज दिवसभरात मजा अशी कधी आली? आणि आठवतच नाही. वाईटही काही आठवत नाही, नुसता दिवस गेला.

मग मी काय केलं, रीतसर लिस्ट केली. फोनमध्ये अ‍ॅप टाकलं, त्यात रोजचे पाच चौकोन: वाचन, गाणी, चालणं, मैत्रिणीला फोन आणि रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिणं. पहिले दहा दिवस झकास. नंतर असं व्हायला लागलं की पावणेअकराला डोळे मिटत असताना तो मैत्रिणीवाला चौकोन भरायचा म्हणून तिला 'कशी आहेस' असा मेसेज टाकून मी मोकळी. एकदा तिनेच उलट विचारलं, "अगं तू रोज याच वेळेला का विचारतेस, काही झालंय का?" इतकी लाज वाटली ना. अ‍ॅप उडवलं.

वेळ म्हणाल तर अर्धा तास निघतो, तोही तुकड्या-तुकड्यात. फिरायला जा, छंद जोपासा हे प्लीज सांगू नका. तुम्ही लोक खरंच काय करता?

अर्धविराम:
मेसेजवाला किस्सा वाचून हसलो, सॉरी, पण मीही यातून गेलोय. आनंदाच्या मागे हात धुवून लागलं की तो हमखास हातचा जातो. आयरिस मॉस आणि मंडळींचा २०११ चा एक प्रयोग आहे, त्यात काही बायकांच्या मनावर आधी ठसवलं की सुखी असणं फार महत्त्वाचं, मग सगळ्यांना एक आनंदी क्लिप दाखवली, तर ज्यांच्या मनावर ठसवलं होतं त्यांनाच ती बघून कमी बरं वाटलं. म्हणजे क्लिप बघताना आत दुसरं कोणीतरी मीटर घेऊन बसलेलं, येतोय का, येतोय का.

आणि त्या तीन चांगल्या गोष्टींचं पण सांगतो, एमन्स आणि मॅक्कलो यांच्या २००३ च्या ज्या अभ्यासाचा सगळे दाखला देतात त्यातल्या पहिल्या गटाने आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, दहा आठवडे. रोज लिहायला बसलं की चौथ्या दिवशी माणूस कालचंच उतरवतो, निदान मी तरी उतरवायचो.

कंटाळेश्वर:
अर्धविराम, इतके प्रयोग वाचून कुणी खूश होत असतं तर तुम्ही सर्वात खूश असायला हवं होतात :)

माझं सांगतो, अगदीच बावळट आहे. मी कपडे वाळत घालताना, भांडी घासताना, जिना चढताना, कायम कानात इयरफोन, काहीतरी ज्ञानाचं ऐकत. तर एकदा कपडे पिळताना एक इयरफोन कानातून सुटून साबणाच्या बादलीत पडला आणि गेला. नवीन घ्यायला पंधरा दिवस टाळाटाळ केली आणि त्या पंधरा दिवसात काय झालं तर मी शिट्टी वाजवायला लागलो. शाळेत असताना वाजवायचो, नंतर कधी सुटली पत्ताच नाही. ओला शर्ट झटकला की बारीक तुषार उडतात ते उन्हात दिसतात, हे मी किती वर्षं बघितलं नव्हतं. वेगळा वेळ काढला नाही की काही नाही. काम तेच होतं, फक्त कानातलं गेलं. नवीन घेतलेत आता, पण कपड्यांच्या वेळी नाही घालत.

अर्धविराम:
टोमणा पोचला. पण तुमच्याच बाजूचं आहे म्हणून सांगतो, किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २२५० माणसांना दिवसात मध्येच फोनवरून विचारलं होतं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. तर ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच, आणि मन भरकटलेलं असताना लोक कमी खूश होते. काम कंटाळवाणं असलं तरीही बरं का. आणि हो, खूश वगैरे नाही मी, बरा आहे.

नाइट_ड्युटी:
गमतीत पाणी ओतत नाही पण एक विचारून घेते. खिडकीपाशी, दिवसात आनंदाची वेळच येत नाही असं आहे, की वेळ येते, समोर आवडीची गोष्ट असते आणि तरी त्यातली चवच गेलीय असं आहे? हे दोन वेगळे आहेत. दोन आठवडे जवळजवळ रोज कशातच रस वाटत नसेल, सोबत झोप, भूक बिघडली असेल, तर ते डिप्रेशनचं लक्षण असू शकतं, तिथे लिस्टाबिस्टा बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जायचं, त्यात कमीपणा काही नाही. वॉर्डात मी फार लोक बघितलेत जे वर्षभर 'आळशी झालोय' म्हणत राहिले.

लिस्ट मात्र वाईट नसते हं. पीटर लेविन्सन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७० च्या दशकात बरं वाटणाऱ्या गोष्टींची ३२० कलमांची यादी केली होती, उदास पेशंटसाठी. मूड आला की करू असं म्हणायचं नाही, आधी करायचं, मूड मागून येतो, असा तो सगळा प्रकार. फक्त ती यादी ज्याने त्याने आपली आवड शोधायला वापरायची असते, रोज भरायचं हजेरीपत्रक म्हणून नाही.

खिडकीपाशी:
नाही नाही, चव आहे. परवा लिफ्टमध्ये एका चिमुरड्याने मला बघून डोळा मारायचा प्रयत्न केला, दोन्ही डोळे मिटले त्याचे, दिवसभर हसत होते. पण बघा ना, हे रात्री आठवलंच नाही, आत्ता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं.

चष्मा_कुठंय:
अगं मग आनंद होतोय की, नोंद होत नाहीये. कुणाला सांगितलंस का त्या पोराचं? नाही ना? सांगायचं. त्या मैत्रिणीलाच सांगायचं, 'कशी आहेस' विचारण्यापेक्षा बरं.

मी त्रेसष्टची आहे, माझं एक निरीक्षण सांगते. आपण चांगल्या गोष्टी ठेवून देतो. चांगली चादर पाहुण्यांना, चांगली वही कधीतरी लागेल म्हणून, चांगलं पेन तर शाई वाळून मेलेलं सापडतं. मागच्या वर्षी माळा आवरला तर माझ्या आवडीचं सगळं तिथे वर आणि खाली रोजच्या हाताशी काय तर बिलं आणि चार्जर. आता अर्धा तास मिळाला तर मी स्टूल आणून माळ्यावर चढणार का? फोनच हातात येणार. तुझ्या आवडीचं काय वर ठेवलंयस ते आधी खाली काढ. करू नकोस हवं तर, पण डोळ्यासमोर असू दे.

अर्धविराम:
काकू पटलं, पण थोडं राखून ठेवण्यातही मजा असते. चॉकलेटचा एक प्रयोग आहे (कंटाळेश्वर, शेवटचा, शपथ), एका गटाने आठवडाभर चॉकलेट खायचं नाही, दुसऱ्याला हवं तेवढं. आठवड्याने परत दिल्यावर न खाल्लेल्यांना जास्त आवडलं. सवय झाली की मजा उतरते.

चष्मा_कुठंय:
आठवडाभर ठीक आहे रे. मी एकोणीस वर्षं ठेवली होती ती चादर.

खिडकीपाशी:
अपडेट, आठ दिवस झाले. काकू, जलरंगांची पेटी निघाली, कॉलेजमधली. माळ्यावर नव्हती, कपाटात खालच्या खणात जुन्या फायलींखाली. झाकण गंजलेलं, उघडेना, चमच्याने उचकटलं. वड्या सगळ्या तडकलेल्या आणि निळी तर भेगा पडलेल्या जमिनीसारखी. वाटलं गेली कामातून. पण ब्रशने एक थेंब पाणी सोडलं आणि भेगांमध्ये ते हळूहळू झिरपलं आणि कडेने निळा सुटला ना, काय सांगू, मी उभ्या-उभ्याच, पाठकोऱ्या कागदावर नुसते निळे पट्टे ओढत बसले, चित्र वगैरे काही नाही. कुकर लावला होता तेवढाच वेळ, बारा-पंधरा मिनिटं. ब्रशचे केस वाकडे झालेत त्यामुळे प्रत्येक पट्टा एका बाजूला फाटतो, तेच जास्त आवडलं.

पेटी आता फ्रिजवर आहे. रोज होत नाही, आठ दिवसात तीनदा झालं. मैत्रिणीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणे काय काढलंस, फोटो पाठव, पाठवला तर म्हणते ही काय बाथरूमची टाइल आहे का. वीस मिनिटं हसत होतो दोघी.

कंटाळेश्वर:
आम्हालाही टाका की फोटो.

खिडकीपाशी:
नाही टाकणार :) तुम्ही शिट्टीचं रेकॉर्डिंग टाका आधी.