क्रमवारीत चारशेव्या स्थानावर असलेल्या टेनिसपटूचे भागते कसे?

प्रेक्षकांतला एक
एखाद्या व्यवसायात जगातील पहिल्या चारशे जणांत मोडणारा माणूस सुखवस्तू असणार, असे आपण गृहीत धरतो. टेनिसमध्ये मात्र एकेरीच्या क्रमवारीत चारशेच्या आसपास असलेले खेळाडू प्रशिक्षकाविना हिंडतात आणि तिशी जवळ आली तरी घरच्यांच्या पैशावर अवलंबून असतात, असे वाचनात येते. हे खरे असल्यास ते खेळत का राहतात?

तिसरा सेट
बऱ्याच अंशी खरे आहे. पुरुषांच्या सर्वांत खालच्या व्यावसायिक पातळीवर आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एकूण १५,००० डॉलर बक्षिसाच्या स्पर्धा असतात आणि ही रक्कम सर्व खेळाडूंत मिळून वाटली जाते. मुख्य फेरीचे पाचही सामने जिंकणाऱ्या विजेत्याला करापूर्वी २,१६० डॉलर मिळतात, तर पहिल्याच सामन्यात हरणाऱ्याला १५६. प्रवास, मुक्काम आणि रॅकेटच्या तारा हा खर्च ज्याचा त्याने करायचा. आयटीएफनेच २०१३ च्या आकड्यांवरून मांडलेल्या हिशेबात, प्रशिक्षकाचा खर्च न धरताही, बक्षिसांतून सरासरी खर्च भरून निघण्याची सीमा पुरुषांत ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या स्थानावर येत होती.

खेळत राहण्याचे कारण आहे ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी. साधारण पहिल्या सव्वादोनशे-अडीचशेत असलेल्याला तिथे प्रवेश मिळतो. २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये या फेरीचा पहिलाच सामना हरणाऱ्याला २५,००० डॉलर मिळाले, म्हणजे वर सांगितलेल्या लहान स्पर्धांच्या अकरा विजेतेपदांहूनही अधिक. चारशेव्या स्थानावरचा खेळाडू जे काही करतो, ते या एका उंबरठ्याकडे पाहून करतो.

बेसलाइन
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु तो उंबरठा वाटतो तितका जवळ नाही. क्रमवारीचे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात, त्यामुळे गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा पुन्हा जिंकली तरी खेळाडू होता तिथेच राहतो आणि दुखापतीने दोन-तीन महिने घरी बसला तर खाली घसरतो. भराभर गुण मिळतात ते चॅलेंजर स्पर्धांत, म्हणजे आयटीएफच्या या लहान स्पर्धांहून वरच्या पातळीवर, आणि तिथे चारशेव्या क्रमांकाला बहुधा पात्रता फेरीतूनच वाट काढावी लागते. एटीपीने (पुरुषांचे व्यावसायिक टेनिस चालवणाऱ्या संघटनेने) २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना आणली खरी, पण तीही पहिल्या अडीचशेंपुरतीच. २०१६ मध्ये ७७२ व्या स्थानावरील मार्कस विलिस विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत फेडररसमोर उभा राहिला होता. त्या कथेने किती जणांची निवृत्ती लांबवली असेल, कोण जाणे.

जुनी रॅकेट
मी या पातळीवर काही वर्षे खेळलो आहे. पैशांइतकाच छळ परतीच्या तिकिटाचा होत असे. मंगळवारी हरणार की रविवारपर्यंत टिकणार, हे आधी ठाऊक नसते. स्वस्त तिकिटाची तारीख बदलता येत नाही आणि बदलता येणारे तिकीट परवडत नाही. एकदा मी गुरुवारचे तिकीट काढून गेलो आणि नेमका उपांत्य फेरीत पोहोचलो. नव्या तिकिटाला त्या आठवड्याच्या बक्षिसाहून अधिक पैसे पडले. गुण मात्र मिळाले, आणि त्या वेळी मला तो सौदा फायद्याचाच वाटला होता.