अनुभव धागा: नगरपरिषदेचं रोजचं काम नेमकं चालतं कसं?

धागाकर्ता: पारावरचा

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर बऱ्याच नगरपरिषदांतून प्रशासक गेले आणि नवे नगरसेवक आले. पहिल्या दोन सभांतच अनेकांच्या लक्षात येतं की 'करून टाका' म्हटल्याने काही होत नाही. मध्ये कागद आहे, माप आहे आणि तारीख आहे. म्हणून हा धागा.

अट एकच: किस्से नकोत. कोण कसा वागला, कोणी कोणाला अडवलं, त्यासाठी गावात पानाच्या टपऱ्या आहेत. आपल्या टेबलाचं काम असं लिहा की उद्या रुजू होणाऱ्याला वाचून हात घालता येईल. हिशेबासाठी सगळे एकच गाव धरू: 'क' वर्ग नगरपरिषद (म्हणजे २५ ते ४० हजारांतली), लोकसंख्या २८ हजार, मालमत्ता सहा हजार, एक नदी, एक आठवडी बाजार.

पंपहाऊस

पाण्यापासून सुरू करतो, कारण तक्रारवहीची अर्धी पानं त्यानेच भरतात.

माणशी १३५ लिटर धरले तर २८ हजारांना रोज ३७ लाख ८० हजार लिटर लागतात. गळती १५ टक्के धरा (ही फार चांगली स्थिती झाली), म्हणजे सुमारे ४५ लाख लिटर उचलायचे. क्लोरीनचा डोस लिटरला २ मिलिग्रॅम धरला तर शुद्ध क्लोरीन ९ किलो लागतो. टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) पोत्यावर ३३ टक्के क्लोरीन छापलेलं असतं, त्या हिशेबाने पावडर २७ किलो. घोळ इथे होतो. उघडं पोतं दमट खोलीत पंधरा-वीस दिवस पडलं की ताकद उतरून २० टक्क्यांवरही येते. मग तेवढ्याच क्लोरीनला ४५ किलो पावडर लागते. वहीत '२७ किलो टाकले' हे अगदी खरं असतं आणि शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य हेही खरं असतं. म्हणून पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, जुनं पोतं आधी वापरा, उघडलेल्याचं तोंड बांधा.

पावडर आदल्या रात्री पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि सकाळी वरची निवळ तेवढी डोसिंगला जोडायची. ढवळून गाळासकट सोडली की नळी चोंदते आणि दुपारपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. डोस टाकीत पाणी येतं त्या तोंडाशी द्या. पाणी गावात सोडण्याआधी क्लोरीनला अर्धा तास तरी मिळायला हवा.

ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन मोजायची चाचणी) हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त खोटं लिहिलं जाणारं काम. परीक्षानळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात ओटीचे थेंब, नळी हलवली की पिवळा रंग येतो. तो लगेच तक्त्याशी जुळवायचा. दोन-चार मिनिटं नळी हातात धरून गप्पा मारल्या की रंग आपोआप गडद होत जातो आणि आकडा फुगतो. शेवटच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम यायला हवा. नमुना वस्तीच्या टोकाचा घ्या. कार्यालयाच्या आवारातल्या नळाचा नको. तो बहुधा टाकीच्या पायथ्याशीच असतो.

पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटीचा डोस रोज बदलावा लागतो. सहा भांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून जार टेस्ट करा. ज्या सगळ्यात कमी मात्रेत गाळ नीट बसतो ती त्या दिवसाची. गेल्या वर्षीच्या जुलैचा आकडा पाहून तुरटी टाकली तर कमी पडून फिल्टर चोंदतो, नाहीतर जास्त पडून पैसा वाहून जातो.

नवीन_प्रभाग७

चांगला धागा. प्रश्न: पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं वास येतो, नंतर स्वच्छ. सगळे म्हणतात टाकी धुवा. टाकी तर मागच्या महिन्यात धुतली.

पंपहाऊस

टाकीचा दोष असता तर वास पूर्ण वेळ आला असता. पहिल्या पाच मिनिटांचा वास म्हणजे घरजोडणीची नळी गटारातून गेलेली आहे आणि तिला भोक आहे. पुरवठा बंद झाला की लाइन रिकामी होते, आत ओढ तयार होते आणि गटाराचं पाणी भोकातून आत येतं. पाणी सुटलं की तेच आधी बाहेर पडतं. लोकांनी नळाला थेट मोटार लावलेली असेल तर ही ओढ आणखी वाढते.

शोधायचं असं: त्या गल्लीत पाणी सुटताच एकेका घराच्या नळाला पहिल्या मिनिटाची बाटली भरा. वास ज्या दोन-तीन घरांपुरता आहे तिथली गटारं उपसून पाहा. बहुधा जुनी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) नळी गंजलेली सापडेल. बदलताना नवी नळी गटाराच्या वरून, केसिंगमधून न्या. गटाराच्या तळातून पुन्हा नेली तर तीन वर्षांनी हाच प्रश्न घेऊन याल.

आणि व्हॉल्वमनला सांगा, व्हॉल्व हळू उघड. रिकाम्या लाइनमध्ये हवा भरलेली असते. धाडकन उघडला की हवा कोंडून जुना सांधा फुटतो, आणि मग आपण म्हणतो पाइप निकृष्ट होता.

घरपट्टी टेबल

कर कसा बसतो ते एकदा स्पष्ट लिहितो, कारण काउंटरवर रोज हेच भांडण. घराचं वार्षिक भाडेमूल्य ठरतं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरतं ते करयोग्य मूल्य. समजा भाडेमूल्य १२,००० रुपये, तर करयोग्य मूल्य १०,८००. कराचा दर २५ टक्के धरला तर २,७०० रुपये. वर दिवाबत्ती, स्वच्छता, वृक्ष, अग्निशमन असे कर. शिक्षण कर आणि बिगरनिवासी इमारतींवरचा रोजगार हमी कर आपण वसूल करतो, पण ते दोन्ही शासनाचे. लोक एकूण बिलाकडे बघून नगरपरिषदेच्या नावाने बोटं मोडतात.

आकारणी दर चार वर्षांनी नव्याने. यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवतात, सुनावणी होते, मग यादी कायम. हरकत त्या मुदतीत द्यायची असते, मार्चमध्ये बिल हातात आल्यावर नाही. नगरसेवकांनी याच काळात प्रभागात फिरावं, नंतर फोन करून उपयोग नसतो.

थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती. २,७०० वर महिन्याला ५४, वर्षाला ६४८. वसुलीचा क्रम बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं वॉरंट. यात बिल बजावल्याची सही नसेल तर पुढचं सगळं पोकळ. शिपायाने वीस बिलं पारावर वाटली आणि 'बजावले' लिहिलं, तर जप्तीच्या दिवशी तो कागद टिकत नाही.

थकबाकीचा मोठा भाग गरिबांकडे असतो असं समजू नका. यादी काढून रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. वरची शंभर नावं पाहिली की कळेल: वारसांचे वाद असलेले वाडे, बंद गिरण्या, शासकीय कार्यालयं, आणि एकाच घराला दोन मालमत्ता क्रमांक पडलेल्या दुबार नोंदी. दुबार नोंदी आधी काढा. त्या कधीच वसूल होणार नसतात, पण मागणी फुगवून वसुलीची टक्केवारी पाडतात.

नाव बदलायला खरेदीखत, सूची दोन (दस्त नोंदणीचा उतारा), आधीच्या मालकाची बेबाकी (थकबाकी नसल्याचा दाखला). आणि हे दोनशे वेळा सांगावं लागतं: कर आकारणीचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही.

सभा लिपिक

माझं छोटं आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस सात स्पष्ट दिवसांची. स्पष्ट म्हणजे नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. सभा २० तारखेला तर नोटीस १२ पर्यंत प्रत्येक सदस्याच्या हातात हवी. १३ ला दिली तर सहाच दिवस भरतात. सभेचा विषय मनासारखा झाला नाही की लोक आधी हीच तारीख मोजतात.

ठराव लिहिताना जागा, लांबी, रक्कम आणि लेखाशीर्ष (खर्च कोणत्या सदराखाली पडणार ते) चारही लिहा. 'प्रभाग ७ मधील रस्ते करणेस मंजुरी' हा ठराव काहीच सांगत नाही. 'मारुती मंदिर ते शाळेची भिंत, १०० मीटर, अंदाजपत्रकीय रक्कम अमुक, लेखाशीर्ष तमुक' असा हवा. आणि खर्चाचे विषय 'ऐनवेळचे विषय' म्हणून घुसवू नका. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात आणि अशा ठरावांवर तक्रार हमखास जाते.

एमबी

मारुती मंदिर ते शाळा १०० मीटर? चला, तोच रस्ता करू. रुंदी ४ मीटर, काँक्रीट १५ सेंटिमीटर. १०० × ४ × ०.१५ म्हणजे ६० घनमीटर. ट्रान्झिट मिक्सरमध्ये ६ घनमीटर येतं, म्हणजे दहा गाड्या. प्रभागातल्या कोणालाही बाकी काही कळत नसलं तरी गाड्या मोजता येतात. आठच आल्या तर जाडी १२ सेंटिमीटर पडली, सरळ हिशेब आहे.

६० घनमीटरला ठोकळ्यांचे पाच नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे, म्हणजे पंधरा. ठोकळे त्याच गाडीच्या मालातून, साइटवर भरायचे आणि ओले असतानाच त्यांवर तारीख घालायची. २८ दिवसांचा निकाल आल्याशिवाय अंतिम देयक नको.

सांधे दर साडेचार मीटरच्या आत, काँक्रीट पुरेसं घट्ट झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत कापायचे. 'कटर उद्या येतोय' म्हणून तीन दिवस गेले तर रस्ता आपले सांधे आपणच पाडतो, वेडेवाकडे. पाणी किमान १४ दिवस. आळी करून पाणी साठवा, पाइपने सकाळी एकदा शिंपडणं म्हणजे पाणी मारणं नव्हे.

या सगळ्याआधीची दोन कामं विसरली जातात. एक, जुना रस्ता खरवडून काढणं. त्याच्यावरच नवा थर चढवला की दोन फेऱ्यांत रस्ता घराच्या जोत्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी उंबऱ्यातून आत. दुसरं, रस्त्याखाली दर काही घरांना आडवे रिकामे पाइप टाकून ठेवणं. हजार-दोन हजारांचं काम. नसेल तर पहिल्या नव्या नळजोडणीला रस्ता फुटतो.

मोजमाप पुस्तिका (एमबी, झालेल्या कामाची मापं लिहायची वही) जागेवरच भरा. खाडाखोड झाली तर ती ओळ छेदून सही करा, व्हाइटनर कदापि नको.

नवीन_प्रभाग७

गाड्या मोजायचं लिहून ठेवलं. देयकातून ठेकेदाराचे कसले कसले पैसे कापतात, ते रोज विचारायला येतात.

लेखाशाखा

आयकर (व्यक्तीला १ टक्का, कंपनी किंवा भागीदारीला २), करार अडीच लाखांवर असेल तर जीएसटीचे २ टक्के, कामगार कल्याण उपकर १ टक्का, गौण खनिजाच्या (वाळू, खडी, मुरूम) पावत्या नसतील तर स्वामित्वधन (रॉयल्टी), आणि सुरक्षा अनामत. आयकर कपात पुढच्या महिन्याच्या ७ पर्यंत, जीएसटीची १० पर्यंत भरायची. कापून वेळेत भरली नाही तर व्याज नगरपरिषदेच्या माथी, आणि लेखापरीक्षणात ते अधिकाऱ्याच्या नावे निघतं.

अनामत हे आपलं उत्पन्न नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा. ती वेगळ्या खात्यात हवी. पगाराला कमी पडले म्हणून अनामतीतून काढले, की दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर परत द्यायला खात्यात काही नसतं.

वित्त आयोगाच्या पैशांतही हेच. पंधराव्या आयोगात ६० टक्के बंधित होते, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. त्यातून कमान किंवा सुशोभीकरण बसत नाही, ठराव एकमताने असला तरी. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली तेव्हापासून पगार मुख्यतः शासनाच्या सहायक अनुदानावर, त्यामुळे हाताशी मोकळा पैसा घरपट्टी आणि गाळाभाड्याचाच. त्यातूनही दुर्बल घटक, महिला व बालकल्याण, दिव्यांग यांचे प्रत्येकी ५ टक्के आधी बाजूला. तो खर्च मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शिलाई मशीन वाटून भरून काढायची जुनी खोड आहे. लाभार्थी यादी सप्टेंबरात ठरवली तर ती वेळ येत नाही.

घंटागाडी

२८ हजार माणसं, माणशी ३५० ग्रॅम, म्हणजे रोज १० टनांच्या आसपास. छोट्या गाडीत ६००-७०० किलो, दोन फेऱ्या. सात-आठ गाड्या लागतात, आणि एक दुरुस्तीत असणार हे धरूनच चाला. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वेगळी पाळी. रात्रभर पडलेला भाजीचा कचरा सकाळी गटारात असतो.

ओल्या कचऱ्याचे ढीग दीड-दोन मीटर उंच, आठवड्याला उलटायचे. मूठभर माल पिळून पाहा: हात ओला झाला पण थेंब पडला नाही, तर ओल बरोबर. थेंब गळले तर कोरडी पानं मिसळा. आत हात घालवत नाही इतका गरम असेल तर ढीग जिवंत आहे. थंड आणि आंबूस वासाचा असेल तर हवा मिळत नाही.

कचरा डेपोला आग लागली तर वरून पाणी मारून विझत नाही, ती आत धुमसत असते. जेसीबीने तो भाग ओढून वेगळा पसरवा, मग पाणी आणि माती.

नालेसफाईत काढलेला गाळ काठावर निथळायला एक-दोन दिवस ठीक. तिसऱ्या दिवशी उचला. पहिला वळीव तो परत नाल्यात घालतो आणि ठेकेदाराचं देयक मात्र निघालेलं असतं. शौचालयाच्या टाकीत माणूस उतरवायचा नाही, हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, उपसा गाडीनेच.

जन्म-मृत्यू कक्ष

नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आईबाप राहतात तिथे नाही. निम्मे हेलपाटे यामुळेच. २१ दिवसांत मोफत, ३० पर्यंत विलंब शुल्काने, वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांच्या लेखी परवानगीने, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने. बाळाच्या नावावाचून नोंद होते. नाव १२ महिन्यांत विनाशुल्क, पुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं.

रुग्णालयाचा फॉर्म भरताना आईचं नाव तिच्या आधारवर आहे तसंच लिहायला सांगा. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि घरात हाक मारतात ते, तिन्ही आमच्या टेबलावर येतात. छापण्याआधी मसुदा नातेवाइकाला दाखवून त्यावर त्याची सही घ्या. दोन मिनिटं लागतात.

पारावरचा

दिवाबत्ती आणि बांधकाम परवानगीवाले अजून आले नाहीत. पथदिव्यांच्या टायमरबद्दल कोणी लिहा. इथे सकाळी नऊपर्यंत दिवे चालू आहेत.

वायरमन

वीज गेली की साध्या टायमरचं घड्याळ थांबतं आणि आल्यावर तिथूनच पुढे चालतं. तीन तास वीज गेली, दिवे तीन तास उशिरा विझणार. बॅटरी असलेला टायमर बसवा, आणि तोवर भारनियमनाच्या दुसऱ्या दिवशी पेटी उघडून काटा जुळवा.