२५ पट पुरेल का?

पुण्यातली आयटीची नोकरी चाळिशीत सोडून सोलापूरच्या घरी यायचं आणि वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की बास, असा हिशेब तुम्ही मांडलाय. निर्णय मनापासून आवडला, पण हा आकडा तपासून घ्या. तो अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या अभ्यासातून आला: पहिल्या वर्षी साठलेल्या रकमेच्या साधारण ४ टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढायचे, पुढे महागाईनुसार वाढवायचे. त्यात बाजार अमेरिकेचा आणि मुदत ३० वर्षांची. तुम्हाला ४५ वर्षं काढायची आहेत, तीही आपल्याकडच्या महागाईत. माझ्या मते ३५ पट तरी धरा.

खाण्यापिण्याचा खर्च इथे कमीच. मंगळवेढ्याची ज्वारी वर्षाची एकदम भरायची. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. यात मन मारावं लागत नाही, उलट जेवण सुधारतं. पाणी मात्र उजनीहून येतं आणि काही दिवसांआड सुटतं, म्हणून मोठी टाकी आधी बांधा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा कूलरच्या बिलात हात आखडू नका.

खरी काळजी विम्याची वाटते. राजीनामा दिला की कंपनीचं आरोग्य कवच जातं. नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईवडिलांची वेगळी काढा. एकत्र काढली तर हप्ता सहसा घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो.