लेखी हरकत दिली नाही, तर आपण बोललोच नाही. नाशिककरांनो, पटतंय का?

गोदाकाठची:
कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली सुमारे अठराशे झाडं काढायची नोटीस 2025च्या नोव्हेंबरात निघाली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. फोटो, संताप, एकमेकांच्या पक्षावरून भांडणं, सगळं झालं. घरं एकशेवीस. लेखी हरकत दिली तिघांनी.

त्या तिघांतल्या एक आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. फुलस्केपवर हाताने दीड पान लिहिलं होतं. कुठल्या वडाखाली सकाळी बसतात, कुठली चिंच किती जुनी असेल, तिथून गंगेकडे, म्हणजे आपल्या गोदावरीकडे, पायवाट कशी जाते. आवकच्या खिडकीवर "एकच प्रत आणली का?" असं विचारल्यावर त्या खाली जाऊन झेरॉक्स काढून आल्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच हलल्या. मग ती पोहोच घडी घालून पाकिटात ठेवली.

माझं म्हणणं एवढंच की शहराच्या राजकारणात काकूंचं ते दीड पान धरलं जातं, ग्रुपवरचे हजार मेसेज नाही. शेकडो लोकांनी हरकती दिल्या म्हणून तर सुनावणीत महापालिकेला सगळ्यांना तोंड द्यावं लागलं आणि प्रकरण पुढे हरित लवादापर्यंत गेलं. वृक्षतोडीवर, प्रभागरचनेवर, विकास आराखड्यावर हरकत घ्यायचा हक्क कायद्याने दिलाय. तो न वापरता "आमचं कोण ऐकतं" म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

सातपूर पहिली पाळी:
ताई, तुमच्या काकूंबद्दल आदर आहे. पण शीर्षक मला लागलं. मी कंत्राटावर आहे, पाळी सात ते साडेतीन. सुनावणी कायम कामाच्या दिवशी, भर दिवसा. जायचं म्हणजे खाडा, म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. मग मी बोललोच नाही का? टपरीवर आम्ही सात-आठ जण रोज बोलतो, रस्त्यांवर, पाण्यावर, कुंभाच्या खर्चावर. त्यातूनच कोणाला मत द्यायचं ते ठरतं.

दुसरं असं, 2022च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट 2026च्या जानेवारीत. जवळपास चार वर्षं शहरात प्रशासक. आधी 122 नगरसेवक होते, चांगले-वाईट कसेही असोत, रात्री नऊला दार वाजवता यायचं. त्याला कागद लागत नव्हता, शिक्का लागत नव्हता. दार बंद झालं आणि तुम्ही सांगताय खिडकीवर जा.

गोदाकाठची:
दादा, खाड्याचं मान्य. पण हरकत द्यायला जावंच लागतं असं नाही, टपालानेही देता येते. आणि टपरीवर ठरलेलं मत पाच वर्षांतून एकदाच मोजलं जातं. मधल्या काळात झाडं जातात.

निफाडकर:
शहरातल्या लोकांचं बरंय, त्यांना नोटीस तरी निघते. आमच्याकडे 2023च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. डिसेंबरात थेट निर्यातबंदी. अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भाव कोसळले. ट्रॅक्टर भरून उभा होता माझा. हरकत कुठे द्यायची होती? कोणी मागितली होती? चांदवडला रास्ता रोको झाला, तेव्हा कुठे दिल्लीला कांदा आठवला. आणि खरं उत्तर गेलं ते 2024च्या लोकसभेला. दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. ते निवेदनाने झालं नाही.

ग्रामसभेचंही सांगतो, कारण शहरातल्यांना वाटतं गावात लोकशाही फार जिवंत आहे. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा शंभर, यातलं जे कमी असेल ते लागतं. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला मग गणपूर्तीची अटच नाही! दहा-बारा माणसं बसतात, ठराव होतात, वहीत लागतात. शेतात कांदा लावणीवर असलेल्या बाईचं मत त्या वहीत नसतं. तुमच्या हिशोबाने ती पण बोलली नाही.

जिल्हा कोर्टाजवळची:
निफाडकर भाऊ, तुमचा मुद्दा मोठा आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण वकिलीच्या कामातून एक सांगते. कोर्टात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, तुम्ही तेव्हा हरकत घेतली होती का? रास्ता रोकोचं कात्रण जोडता येतं, पण त्याच्यावर आवक क्रमांक नसतो. काकूंचं दीड पान उद्या कोणाच्याही याचिकेला जोडता येईल.

आणि संख्येनेही फरक पडतो. 2015 साली इंटरनेटवरच्या सेवांना कसे नियम लावायचे यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. मजकूर बहुतेकांचा आयता होता, तरी ते नोंदले गेले. 2016च्या फेब्रुवारीत वेगवेगळ्या साइटना वेगळे दर लावायला बंदी आली. लोकांनी नुसत्या गप्पा मारल्या असत्या तर ट्रायला त्या दिसल्याच नसत्या.

सातपूर पहिली पाळी:
दहा लाख लोकांना घरबसल्या एका क्लिकवर पाठवता आलं म्हणून ते झालं, हे पण लिहा ना. त्यांना कोणी सकाळी अकराला बोलावलं नव्हतं.

सिडकोतली:
मी इथे फारशी लिहीत नाही. पण नाव-पत्ता देऊन हरकत द्या असं इतक्या सहज सांगितलं जातंय म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीच्या टोकाला मुलांची खेळायची मोकळी जागा होती. तिथे पत्रे ठोकून बांधकाम सुरू झालं. मी एका कार्यालयात लेखी अर्ज दिला. पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल, सगळं लिहून, कारण त्याशिवाय घेत नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. ज्याच्या विरोधात अर्ज होता तो माणूस दारात, हातात माझ्याच अर्जाची झेरॉक्स. आवाज चढवला नाही. "वहिनी, काही अडचण होती तर आम्हाला सांगायचं," एवढंच म्हणाला आणि माझ्या मुलीकडे बघून तिची शाळा कुठली ते विचारलं. मी अर्ज मागे घेतला. पत्रे अजून तिथेच आहेत.

पालघरला 2012 साली दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टवरून अटक झाली होती, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ कलम सुप्रीम कोर्टाने 2015 साली रद्द केलं. पण माझ्या दारात आलेल्या माणसाला कुठलंच कलम लागत नव्हतं.

गोदाकाठची:
ताई, हे वाचून काल रात्री झोप लागली नाही. शीर्षक चुकलं माझं. हरकत द्या म्हणते मी अजूनही, पण न देणाऱ्याला गप्प बसलेला म्हणणार नाही.

2009 साली राज्याने कायद्यात शहरांसाठी क्षेत्रसभा आणली, मतदारांनी आपल्या भागात बसून बोलायची. मी नाशकात आजवर एकही बघितली नाही. महापालिकेला देण्यासाठी एक निवेदन लिहितेय. सहाही विभागांत क्षेत्रसभा घ्या. अर्जदाराचा पत्ता आणि मोबाइल तिसऱ्या माणसाला देऊ नका. बघून सांगा.

सातपूर पहिली पाळी:
सुनावणी संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी, हे पहिल्या ओळीत घाला. ते असेल तर मी सही करतो, कंपनीतल्या पोरांच्याही आणतो. माझ्या वतीने दुसरं कोणी बोललेलं मला नकोय, मला स्वतः उभं राहायचंय.

गोदाकाठची:
घातलं, पहिल्याच ओळीत.

निफाडकर:
माझी सही शहराच्या निवेदनावर चालणार नाही. पण तहकूब सभेच्या गणपूर्तीवर तालुक्यात असाच कागद फिरवायचा विचार आहे. वकीलताई, मसुदा तपासून द्याल का?

जिल्हा कोर्टाजवळची:
पाठवा. पैसे नाही घेणार.

सिडकोतली:
निवेदन वाचलं, चांगलं आहे. पत्त्याचं कलम आहे तसंच राहू द्या, सौम्य करू नका. माझी सही मात्र धरू नका.