खर्चाला मिळकतीची वेसण: क्लब वाचतात, की श्रीमंतांच्या जागा पक्क्या होतात?

गोदाकाठ (नांदेड)

जून 2024 च्या अखेरीस न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने एलियट अँडरसन आणि यांकुबा मिन्टे या दोन तरुण खेळाडूंना घाईघाईने विकून टाकले. अँडरसन तर त्यांच्याच अकादमीत लहानाचा मोठा झालेला. 2021 पासून या क्लबची बहुतांश मालकी सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे असल्यामुळे पैशांची ददात होती असे कोणी म्हणणार नाही. अडचण तारखेची होती. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगच्या, नियमांनुसार सलग तीन वर्षांचा एकत्रित तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या आत ठेवावा लागत होता आणि हिशेबाचे वर्ष 30 जूनला संपत होते.

हा हिशेब कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. दहा कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर खेळाडू घेतला, तर वहीत दरवर्षी दोनच कोटींचा खर्च पडतो. उलट अकादमीतल्या मुलाची वहीतली किंमत शून्य असते, म्हणून तो साडेतीन कोटींना विकला की सगळेच्या सगळे साडेतीन कोटी त्याच वर्षीचा नफा म्हणून दाखवता येतात. म्हणजे घरचा मुलगा विकून बाहेरचा आणणाऱ्याला हा नियम बक्षीस देतो. शाश्वततेच्या नावाखाली याहून उफराटे काही मी पाहिलेले नाही.

माझा मूळ आक्षेप मात्र याच्याही आधीचा आहे. खर्चाची मर्यादा मिळकतीला बांधली, की ज्यांनी नियम येण्यापूर्वी पैसा ओतून प्रेक्षक, प्रायोजक आणि युरोपीय स्पर्धांतली जागा मिळवली त्यांची मर्यादा कायम मोठी राहते आणि मागून येणाऱ्याला शिडीच उरत नाही. दुसरीकडे ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये कर्ज काढून मँचेस्टर युनायटेड विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारले, त्याला कोणी अटकाव केला नाही. मालकाने स्वतःचा पैसा घालणे हा दोष आणि क्लबला कर्जात लोटणे हा व्यवहार, असा हा न्याय आहे. मालकाला हवा तेवढा खर्च करू द्यावा, पण केलेल्या करारांचे संपूर्ण वेतन त्याने आधी भागभांडवल म्हणून भरावे किंवा त्याची बँक हमी द्यावी, एवढाच नियम मला पुरेसा वाटतो.

ताळेबंद (लातूर)

गोदाकाठ सर, मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, त्यामुळे वहीतल्या हिशेबाबद्दल आपण जे लिहिले आहे ते बरोबर आहे हे आधी मान्य करतो. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही.

हे नियम कशासाठी आले ते विसरून चालणार नाही. 2011 मध्ये युरोपातील अव्वल श्रेणीच्या क्लबांचा एकत्रित तोटा सुमारे 170 कोटी युरो होता. युएफाचे, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाचे, नियम लागू झाल्यानंतर 2017 पर्यंत त्याच क्लबांचा एकत्रित हिशेब सुमारे 60 कोटी युरोंच्या नफ्यात आला. दूरचित्रवाणीचा पैसा वाढला म्हणून हे झाले असे आपण म्हणाल आणि त्यात तथ्यही आहे. परंतु पैसा त्याआधीही वाढतच होता आणि तो सगळा वेतनात विरघळत होता. आपल्या मांडणीत नेमकी हीच बाजू सुटली आहे. प्रीमियर लीगमध्ये वीस संघ असतात आणि त्यांतले तीन दरवर्षी खाली जातात. एका मालकाने हौसेने वेतन दुप्पट केले, की खाली घसरण्याच्या भीतीने उरलेल्यांनाही त्याच्या मागे धावावे लागते. त्याचा पैसा त्याच्या खिशातला असेल, त्याच्या मागे धावणाऱ्यांचा तसा नसतो. आपली बँक हमी हौशी मालकाच्या क्लबाला सुरक्षित करील. त्याने पेटवलेल्या चढाओढीत होरपळणाऱ्यांचे काय?

शिवाय अकादमी, महिला संघ आणि मैदानाचे बांधकाम यांवरील खर्च या तोट्याच्या हिशेबातून वगळला जातो. पाया घालण्यास मनाई नाही. मनाई आहे ती मिळकत नसताना मोठमोठे पगार कबूल करण्यास. 1885 मध्ये स्थापन झालेला, इंग्लंडच्या खालच्या लीगमधला बरी हा क्लब 2019 च्या एप्रिलअखेरीस वरच्या श्रेणीत गेला आणि ऑगस्टमध्ये लीगमधून हाकलला गेला, कारण न परवडणाऱ्या पगारांवर त्याने ती बढती मिळवली होती.

गोदाकाठ (नांदेड)

बरीचे उदाहरण आपण दिलेत ते बरे झाले. डिसेंबर 2018 मध्ये तो क्लब अवघ्या एका पौंडाला विकला गेला आणि नव्या मालकाजवळ क्लब चालवण्याइतका पैसा आहे का, याचा पुरावा लीगने व्यवहारापूर्वी घेतलाच नाही. त्या क्लबाला तोट्याच्या मर्यादेने वाचवले असते की पैसे आधी दाखवण्याच्या अटीने, हे आपणच सांगावे.

डावी बगल (छत्रपती संभाजीनगर)

शिडी उरत नाही म्हणता, मग 2015-16 मध्ये लेस्टर सिटी प्रीमियर लीगमध्ये अजिंक्य कसा झाला? तोट्याची मर्यादा तेव्हाही होती.

गोदाकाठ (नांदेड)

होती, आणि लेस्टर वर आला तो तिला वळसा घालूनच. 2013-14 या बढतीच्या हंगामातील खर्चाबद्दल खालच्या लीगने त्याच्यावर आक्षेप घेतला आणि 2018 मध्ये 31 लाख पौंड भरून ते प्रकरण मिटले. तोवर विजेतेपद पदरात पडून जवळजवळ दोन वर्षे होत आली होती. नियम काटेकोरपणे पाळून वर आलेल्या क्लबाचे उदाहरण असेल तर अवश्य द्यावे. ब्रेंटफर्ड आणि ब्रायटन ही दोन मलाही सुचतात, पण तिथेही आरंभी मालकांनी आपला पैसा ओतला होताच.

मांजराकाठ (केज)

दोघेही नियम कसा असावा यावर वाद घालत आहात. माझा प्रश्न तो कोणाला लागतो हा आहे.

आमच्याकडे एक मल्टिस्टेट पतसंस्था बुडाली, तेव्हा माझ्या सासऱ्यांची निवृत्तीची रक्कम तीत अडकली. त्या शाखेच्या दर्शनी भागात ‘लेखापरीक्षण वर्ग अ’ अशी पाटी शेवटच्या दिवसापर्यंत टांगलेली होती. कायदा होता, तपासणी होती, अहवालही होते. हप्ता थकवणाऱ्या छोट्या कर्जदाराच्या दारात वसुली अधिकारी आठवडाभरात उभा राहत असे आणि ज्यांनी मोठी रक्कम फिरवली त्यांच्यापर्यंत पोहोचायला मात्र यंत्रणेला वर्षे लागली.

प्रीमियर लीगमध्ये मला तेच दिसते. एव्हर्टनचा तोटा मर्यादेपेक्षा 1 कोटी 95 लाख पौंडांनी जास्त निघाला, म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांचे 10 गुण कापले गेले. अपिलात ते 6 वर आले आणि एप्रिलमध्ये पुढच्या कालखंडासाठी आणखी 2 गुण गेले. एकाच हंगामात दोनदा शिक्षा. नॉटिंगहॅम फॉरेस्ट नुकताच वर आलेला असल्याने त्याला मर्यादाच 6 कोटी 10 लाखांची होती. ती ओलांडल्याबद्दल त्याचे 4 गुण गेले. ब्रेनन जॉन्सनला जूनमध्ये पडत्या भावाने विकण्याऐवजी थांबून 1 सप्टेंबरला जास्त किमतीला विकले, म्हणजे क्लबाचे भलेच केले, हा त्यांचा युक्तिवाद आयोगाने मानला नाही. मँचेस्टर सिटीवर मात्र शंभरहून अधिक आरोप फेब्रुवारी 2023 मध्ये ठेवले गेले आणि त्यांची सुनावणी सुरू व्हायला सप्टेंबर 2024 उजाडला. सिटी दोषी आहे असे मी म्हणत नाही. युएफाने 2020 मध्ये घातलेली दोन वर्षांची बंदी क्रीडा लवादाने रद्द केली होती, हे मला माहीत आहे. पण ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याचे प्रकरण लांबते आणि जो हिशेबाच्या वह्या मुकाट्याने पुढे करतो त्याचा निकाल हंगाम संपण्याच्या आत लागतो, यावर आपल्यापैकी कोणी बोलेल का?

ताळेबंद (लातूर)

मांजराकाठ ताई, आपल्या सासऱ्यांबाबत झाले ते ऐकून वाईट वाटले. दिरंगाईचा आपला आक्षेप मला मान्य आहे, मात्र एक फरक लक्षात घ्यावा. मर्यादा ओलांडली हे एव्हर्टन आणि फॉरेस्ट यांनी मान्य केले होते, वाद होता तो मुख्यतः शिक्षेच्या प्रमाणाचा. सिटीवरील आरोप अनेक हंगामांचे असून आकडेच खरे होते का, हा तिथला प्रश्न आहे, आणि असा खटला कोणत्याही न्यायासनापुढे लांबतोच.

पळवाटांबद्दल म्हणाल, तर तिथे मी आपल्याही पुढे जाईन. चेल्सीने आपली दोन हॉटेले आपल्याच समूहातील दुसऱ्या कंपनीला 7 कोटी 65 लाख पौंडांना विकून तो नफा दाखवला. प्रीमियर लीगने ते चालवून घेतले. युएफाने असला नफा हिशेबात धरण्यास नकार दिला. साडेआठ वर्षांचे करार करून दरवर्षीचा खर्च बारीक करण्याची युक्तीही चेल्सीचीच, तीवर युएफाने आणि मग प्रीमियर लीगने 2023 मध्ये पाच वर्षांची मर्यादा घातली. पळवाट सापडते, बुजवली जाते, दुसरी सापडते. प्राप्तिकराच्या कायद्यातही वर्षानुवर्षे हेच चालते, म्हणून कोणी प्राप्तिकर रद्द करा असे म्हणत नाही. उपाय आहे तो तपासणी आधी करण्याचा. स्पेनमध्ये प्रत्येक क्लबाला खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा हंगामापूर्वी ठरवून दिली जाते आणि तीत न बसणाऱ्या खेळाडूची नोंदणीच होत नाही. 2021 मध्ये मेस्सीला बार्सिलोना सोडावे लागले ते याच नियमामुळे. तिथे नाव पाहून सूट मिळाली नाही.

गोदाकाठ (नांदेड)

आणि त्यानंतर बार्सिलोनाने काय केले? त्याच मर्यादेत बसण्यासाठी 2022 मध्ये ला लिगाच्या, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगच्या, प्रक्षेपण हक्कांतील आपल्या वाट्याचे 25 टक्के उत्पन्न पुढच्या 25 वर्षांसाठी एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकून टाकले. आज जन्मलेले मूल नोकरीला लागेपर्यंत क्लबाच्या त्या मिळकतीचा चौथा हिस्सा परक्याच्या घरात जाणार आणि नियमाच्या लेखी हा क्लब ‘मर्यादेत’ आला. खर्च मिळकतीला बांधला की लोक उद्याची मिळकत आजच विकतात. यालाच आपण वित्तीय शिस्त म्हणता का?

स्टेशन रोड (परभणी)

आपल्या देशाकडेही जरा पाहावे. इंडियन सुपर लीगमध्ये वेतनमर्यादा असूनही पगार थकतच आले. 2014 मध्ये आलेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला. त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला, 2021-22 चा चषकही त्याने जिंकला आणि 2023-24 मध्ये थकलेल्या पगारांपायी त्याचे परदेशी खेळाडू एकामागून एक निघून गेले. 2025 मध्ये तो संघही दिल्लीला हलवला गेला. आमच्या परभणीहून रात्रीच्या गाडीने हैदराबादच्या गच्चीबावली मैदानावर सामने पाहायला जाणारी पोरे होती, त्यांना आता पाठिंबा द्यायला संघच उरला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये लीगचे आयोजक आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातील करार संपत आल्याने पुढचा हंगाम स्थगित झाला आणि काही क्लबांनी सरळ वेतन थांबवले. तेव्हा मला गोदाकाठ यांची अट पटते. खेळाडूला किती द्यायचे यावर मर्यादा घालण्यापेक्षा कबूल केलेले मिळणार याची हमी आधी घेतली असती, तर हैदराबादच्या खेळाडूंवर ही वेळ आली नसती.

डावी बगल (छत्रपती संभाजीनगर)

अशी हमी मागितली तर आपल्याकडे किती क्लब उरतील, हेही सांगून टाका.

स्टेशन रोड (परभणी)

कमी उरतील. पगार न देणारे चौदा असण्यापेक्षा पगार देणारे आठ मला चालतील.

ताळेबंद (लातूर)

हमीच्या कल्पनेला माझा विरोध नाही. ती एकटी पुरेल या विश्वासाला आहे. मार्च 2022 मध्ये ब्रिटिश सरकारने चेल्सीचे तेव्हाचे रशियन मालक रोमन अब्रामोविच यांच्यावर निर्बंध घातले, तेव्हा चेल्सीला विशेष परवान्यावर दिवस काढावे लागले; तिकिटे आणि क्लबाच्या वस्तूंची विक्रीही बंद झाली होती. त्या मालकाने क्लबात जवळजवळ दीडशे कोटी पौंड घातले होते, तेही कर्जाच्या रूपाने. एव्हर्टनचे कंबरडे मोडण्यामागेही त्याच महिन्यात तुटलेले रशियन उद्योजकाच्या कंपन्यांचे प्रायोजकत्व होते. एका माणसाच्या ऐपतीवर उभा राहिलेला क्लब त्या माणसाबरोबरच आडवा होतो.

बाकी 2026-27 पासून प्रीमियर लीग तोट्याची जुनी मर्यादा काढून खेळाडूंवरील खर्चाला मिळकतीच्या 85 टक्क्यांची मर्यादा लावणार, हे नोव्हेंबर 2025 मध्ये मंजूर झाले आहे. युएफाची मर्यादा 70 टक्क्यांची आहे. जूनअखेरीस मुले विकण्याची घाई त्यामुळे बरीच कमी होईल.

गोदाकाठ (नांदेड)

घाई कदाचित कमी होईल, दरी नाही. 60 कोटी मिळवणाऱ्याला 85 टक्क्यांनी 51 कोटी खर्चता येतील आणि 15 कोटी मिळवणाऱ्याला पावणेतेरा. ही दरी थोडी तरी रोखणारा प्रस्ताव, म्हणजे सर्वांत तळाच्या क्लबाला मिळणाऱ्या प्रक्षेपण उत्पन्नाच्या ठरावीक पटीपलीकडे कोणीही खर्च करू नये असा, त्याच बैठकीत होता. तो मात्र फेटाळला गेला आणि खेळाडूंच्या संघटनेचाही त्याला विरोध होता. सर्वांना एकच छत असावे असे कोणी म्हणाले तर मी माझी हमीची अट बाजूला ठेवून त्याला पाठिंबा देईन. ताळेबंद सर, आपण द्याल का?

ताळेबंद (लातूर)

देणार नाही. एका देशाने एकट्याने असे छत घातले, तर दोन वर्षांत त्याचे चांगले खेळाडू माद्रिदला आणि रियाधला गेलेले दिसतील. युएफाने ते सर्व देशांना एकदम लावले, तर मात्र मी आपल्या बाजूने असेन.

मांजराकाठ (केज)

आणि ते लावल्यावर मोडणाऱ्याचा निकाल किती महिन्यांत लागला पाहिजे, हेही त्याच कलमात लिहिलेले असावे.