तीन पिढ्या, एकच ट्रिप... मदत हवी आहे!

मंडळी, घरातले पंधरा-सोळा जण मिळून आठवडाभर कुठेतरी जायचं चाललंय, आजोबा ब्याऐंशीचे आणि भाचीचं बाळ जेमतेम आठ महिन्यांचं, मधे सगळ्या वयाची जनता. आणि नियोजन अर्थातच माझ्या गळ्यात!

पहिला प्रश्न, एकच मोठा बंगला घ्यावा की हॉटेलात शेजारशेजारच्या रूम्स? बंगल्यात गप्पा रंगतात हे खरं, पण तळमजल्यावर बेडरूम आहे का, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का हे फोटोत कुणी दाखवतच नाही, आजोबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि दोन पायऱ्यासुद्धा जड जातात. फोन करून नेमकं काय काय विचारता तुम्ही?

तरुण मंडळींना उंच डोंगरात जायचंय, पण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, घरात हार्ट पेशंट असताना मी तरी नाहीच म्हणतेय. विमानात व्हीलचेअर हवी तर तिकीट काढतानाच सांगायचं, एवढं माहितीये.

खरा घोळ पैशांचा. काका म्हणतात माणशी वाटा, वहिनी म्हणतात कुटुंबाप्रमाणे, आणि आजी-आजोबांचा खर्च कुणी करायचा यावर सगळे गप्प (व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसते अंगठे येतायत). हे बुकिंगच्या आधीच बोलून घ्यावं ना? पण विषय काढायचा कसा, कुणाला न दुखावता? आणि रोज सगळ्यांनी एकत्रच फिरायचं की दुपारी ज्याचं त्याने मोकळं? ज्यांनी असा गोतावळा नेलाय त्यांनी प्लीज सांगा.